पुण्यात उणे चाळीस

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझला नाही तर भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यातून घरातल्याच कोणी नुकतीच बॉनेट उघडून खटपट केलेली असेल, तर मग बघायलाच नको. चौकशीआधीच आरोपी ठरतो.

१९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा हा प्रश्न नव्हता. कार्ब्युरेटरमधला कचरा, प्लगवरची काजळी डोळ्यांना दिसे. आता पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे इंजिनाचा संगणक ठरवतो. गॅरेजवाले त्याला ईसीयू म्हणतात. हा स्वतः काहीच पाहत नाही. हवा किती आली, ती किती गरम आहे, हे त्याला सेन्सर कळवतात. केबिनमध्ये बसून, खालून आलेल्या कागदांवर निर्णय देणारा साहेबच म्हणा ना! तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला हा साहेब चांगला ओळखीचा वाटतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या पुतण्याने पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आपल्या गाडीचा एअर फिल्टर स्वतः बदलला. डब्याचे झाकण निघावे म्हणून त्याने हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग सोडवला आणि नंतर परत लावला. संध्याकाळी गाडी अडखळू लागली आणि दिवा विझेना. जवळच्या एका गॅरेजने स्कॅनर लावला, दोन कोड काढले आणि निकाल दिला, ‘‘कॉम्प्युटर गेलाय, बदलावा लागेल.’’ खर्चाचा आकडा पाच अंकी होता.

‘‘मजुरीचे चार पैसे वाचवायला गेला!’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘काका, मी परत बॉनेटला हात लावणार नाही,’’ पुतण्या म्हणाला. मला खर्चाच्या आकड्यापेक्षा हे वाक्य अधिक लागले.

मी कोड विचारले. पी ०१०२ म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या सेन्सरकडून येणारा संदेश प्रमाणाहून कमी. पी ०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना असे ठरावीक कोड सक्तीचे झाले आणि पुढे आपल्याकडेही तेच आले. पण संगणक बिघडला, असे या दोन्हींत कुठेच म्हटलेले नाही. सेन्सर बिघडला असेही नाही. साहेबापर्यंत पोचलेला कागद चुकीचा दिसतो, एवढेच ते सांगतात. बँकेत संध्याकाळी टॅली जुळली नाही की फरकाची रक्कम कळे. चूक कोणत्या व्हाउचरात आहे ते कळत नसे. मग शेवटच्या नोंदीपासून मागे जावे लागे.

मी पुतण्याला दोनच गोष्टी सांगितल्या. कोड पुसायचे नाहीत, आधी वहीत उतरवायचे. आणि शेवटचा हात कुठे लागला ते आठवायचे. त्याने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला आपला छोटा स्कॅनर जोडला आणि मोबाइलवर आकडे पाहिले. हवेचे तापमान : उणे चाळीस अंश. मे महिन्यात, पुण्यात! त्या दिवसात पोरगा पहिल्यांदा हसला.

या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. तारच सुटली तर रोध अमर्याद होतो आणि संगणक त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. या गाडीत हवेचा प्रवाह आणि तापमान दोन्हींच्या तारा एकाच प्लगमधून जात होत्या. म्हणजे तक्रारी दोन, पण वाट एकच. प्लग जागेवर दिसत होता, त्याची खिट्टी मात्र बसली नव्हती. किल्ली काढून त्याने तो दाबला. ‘टक्’ असा आवाज झाला. नंतर तापमान अडतीस दिसले आणि गाडी सुरळीत चालू लागली.

दिवा तेवढा लगेच विझला नाही. गाडी सलग तीन फेऱ्या निर्दोष चालली की संगणक तो स्वतःच विझवतो. आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी तो विझला.

घरच्या दुरुस्तीनंतर दिवा लागला तर हाच क्रम ठेवावा. आधी हात लागलेले प्लग आणि हवेच्या नळ्या, मग फ्यूज, अर्थिंगची तार, बॅटरी. तिचा दाब गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास हवा. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर कुरतडलेल्या ताराही शोधाव्यात. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नये. इंजिनात नीट न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावते. संगणकही क्वचित जातात, पण त्यांचा नंबर शेवटी.

पाच अंकी खर्च वाचला याचा आनंद आहेच. पण परवा वहिनींनी बंद पडलेला मिक्सर त्याच्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘बघ रे जरा.’’ त्याने आधी वही मागितली.