दगड खालून वर वाचायचा

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. आज आपण दगडाविषयी बोलणार आहोत. जात्याचा नव्हे, पाट्याचाही नव्हे. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळामागं, नाहीतर ओढ्याच्या काठी चित्रं कोरलेला एखादा उभट दगड असतो ना, त्याविषयी. कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी वीर म्हणतं, आणि कुणी काहीच म्हणत नाही, नुसती त्यावर गोधडी आपटतं.

आमच्या ओढ्यावर असाच एक दगड आडवा पडलेला होता. आमच्या सासवांनी त्यावर धुणं धुतलं, आम्हीही धुतलं. त्याच्या खाचांत साबण अडकतो म्हणून तारेच्या घासणीनं तो घासलासुद्धा. तो दगड काय आहे हे आम्हाला कळलं ते गावात नाही, मुंबईत!

बचत गटाचे पापड आणि मसाले विकायला आम्ही पाचजणी मुंबईला गेलो होतो. मुक्काम बोरिवलीला, गटातल्या एकीच्या नणंदेकडं. ती म्हणाली, "इथं एकसरला वीराचे दगड आहेत, बघून येऊ." एकसर म्हणजे आता बोरिवली पश्चिमेचा एक भाग. चहूकडं इमारती, रिक्षा, दुकानं. पण मूळचं ते गावच. 1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारनं केलेल्या जिल्ह्याच्या नोंदींच्या पुस्तकात, या दगडांचं वर्णन आहे. तळ्याच्या पश्चिम काठावर आमराई, आणि त्या आमराईत ओळीनं उभे सहा दगड. त्यातले चार तर दहा फुटांच्या आसपास उंच आणि तीन फूट रुंद. म्हणजे एका बाईच्या खांद्यावर दुसरी उभी राहिली, तेवढे. आमराई गेली, शिवार गेलं, दगड राहिले.

या दगडांना वीरगळ म्हणतात. 'गळ' हा शब्द कानडीतून आलेला आहे. कानडीत दगडाला 'कल्लु' म्हणतात, आणि वीराचा दगड तो 'वीरगल्लु'. लढाईत, गाव राखताना, गुरं सोडवताना जो मेला, त्याच्या आठवणीसाठी हा दगड उभा करायचे. बहुतेकांवर नाव नसतं, अक्षर नसतं. सगळी गोष्ट चित्रांतून सांगितलेली. म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यालाही वाचता यावा असा हा दगड.

आता तो वाचायचा कसा? आपण पुस्तक वरून खाली वाचतो, वीरगळ खालून वर वाचायचा. दगडावर एकावर एक चौकटी असतात. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला दिसतो, किंवा लढाई चाललेली असते. तिथं गाई कोरलेल्या असतील तर समजायचं, गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो. अगदी वर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

एकसरच्या दगडांचं वेगळेपण असं की त्यावर जमिनीवरची लढाई आहे आणि समुद्रावरचीही आहे. डोलकाठ्या असलेली जहाजं, वल्ही मारणारी माणसं, सगळं कोरलेलं. आपल्याकडं वीरगळ पुष्कळ, पण जहाजांचे फार थोडे. हे दगड कुणाचे? उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार राजांचं राज्य होतं. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवानं 1265च्या सुमारास त्याचा पाडाव केला. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं महादेवाच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताच्या ग्रंथात आलेलं आहे. हा हेमाद्री म्हणजेच आपला हेमाडपंत, ज्याच्या नावानं आपण जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणतो. एकसरच्या दगडांवर त्याच लढाईचं चित्र असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काहींच्या मते हे दगड त्याहून जुने आहेत. वल्ही मारणाऱ्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांची आठवण सांगायला हा दगडच आहे.

एक दगड गेला तर काय जातं, ते बेंगळुरूकडं बघून कळतं. त्या शहरात बेगूर नावाचा भाग आहे. तिथल्या नागेश्वराच्या देवळात इसवी सन 890च्या सुमाराचा एक दगड आहे. 'बेंगळुरूच्या लढाईत' एक माणूस पडला, असं जुन्या कानडीत त्यावर कोरलेलं आहे. एवढ्या मोठ्या शहराचं एवढं जुनं नाव कुठं सापडलं, तर मेलेल्या माणसाच्या दगडावर! तो दगड कुणी पायरीला लावला असता तर? त्या शहरात तसं झालंही आहे. लुईस राईस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या कोरीव दगडांच्या नोंदी 1905 साली छापल्या. अलीकडं तिथलेच काही नागरिक ते पुस्तक हातात घेऊन दगड शोधायला निघाले, तेव्हा कितीतरी दगड जागेवर नव्हते. रस्त्याखाली गेले, पायात गेले. जे सापडले ते त्यांनी धडपड करून जपले.

मैत्रिणींनो, शहराच्या रेट्यात जे दगड टिकले, त्यातले पुष्कळ टिकले ते लोकांनी त्यांना देव मानलं म्हणून. सरकारी पाटी नंतर आली, आधी आली कुणाची तरी फुलं आणि उदबत्ती. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांनीच केलं आहे. पण भक्तीनं दगड राहतो तसा झिजतोही. तेल-शेंदराचे थर चढले की चित्र बुजतं. हौसेनं ऑइलपेंट दिला की कोरीव नाक-डोळे जातात. देवाला हात जोडावेत, पण त्याचा चेहराच पुसू नये.

आता जरा अवघड गोष्ट. वीरगळाशेजारी कधी कधी दुसरा एक दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला एक हात, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. हा सतीचा दगड, सतीशिळा. नवऱ्याबरोबर जिला जाळलं, किंवा जी जळाली, तिची ही खूण. वीराचा सगळा पराक्रम चौकटीचौकटीनं कोरलेला, आणि बाईचा फक्त हात!

आमच्या शिवारातही असा एक हात आहे. आम्ही सवाष्णी वर्षातून एकदा तिथं हिरव्या बांगड्या वाहायचो. मुंबईहून आल्यावर आम्ही गटात ही माहिती सांगितली, तेव्हा आमच्यातली एक विधवा बाई म्हणाली, "त्या दगडाजवळ मला कधी येऊ दिलं नाहीत. मेली तिच्या बांगड्या दगडावर शाबूत राहिल्या, मी जगले तर माझ्या फोडल्या." त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

आम्ही पुष्कळ विचार केला. तो दगड फेकायचा का? नाही. तो पुरावा आहे. तो गेला तर बाईवर काय गुदरलं, हेही विसरलं जाईल. पण त्याचा नवस, त्याचा जयजयकार करायचा नाही. सतीच्या चालीवर इंग्रजांनी बंगाल इलाख्यात 1829 साली कायद्यानं बंदी घातली, आणि 1987च्या कायद्यानं सतीचा गौरव करणं हासुद्धा गुन्हा आहे. दगड जपणं वेगळं आणि चाल जपणं वेगळं. अहिल्याबाई होळकरांचे पती 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना सती जाऊ दिलं नाही. त्या जगल्या म्हणून घाट झाले, विहिरी झाल्या, देवळं उभी राहिली. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 साली ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्या दगडातल्या हाताला द्यायचंच असेल, तर असं उत्तर द्यावं.

आता कामाचं सांगतो. तुमच्या गावात असा दगड असेल तर पुढच्या गोष्टी करा.

पहिली गोष्ट, तो जागचा हलवू नका. कुठं होता यावरूनही अभ्यासकांना पुष्कळ कळतं.

दुसरी, घासू नका. ॲसिड, तारेची घासणी, चुना, रंग, सिमेंट यातलं काही लावू नका. माती बसली असेल तर मऊ कुंचल्यानं हलकेच झाडा.

तिसरी, चित्र नीट दिसत नसेल तर सकाळी किंवा तिन्हीसांजेला बघा. उन्हाची तिरपी तिरीप पडली की कोरीव काम उठून दिसतं. रात्री बाजूनं बॅटरी धरली तरी चालतं. पीठ, खडू चोळायची गरज नाही.

चौथी, मोबाइलवर समोरून आणि बाजूंनी फोटो काढा. उंची-रुंदी टेपनं मोजा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दगडाविषयी काय ठाऊक आहे, ते वहीत लिहून ठेवा.

पाचवी, ग्रामसभेत विषय मांडा. रस्ता, गटार, सभामंडप यांचं काम निघालं की असे दगड आधी जातात, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी बोला. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची विभागवार कार्यालयं आहेत, ग्रामपंचायतीमार्फत तिथं कळवा. सगळ्याच दगडांना कायद्याचं संरक्षण मिळालेलं नसतं. तोवर राखण आपलीच.

आमच्या ओढ्यावरच्या दगडाचं काय झालं? तिरप्या उन्हात आम्ही तो पाहिला. खाली तीन गाई, मध्ये दोन अप्सरा, वर अर्धा चंद्र. सूर्य झिजून गेलेला. तो आमच्याच घासणीनं गेला की पाण्यानं, कोण जाणे. ग्रामसभेत सांगितलं, नोंद झाली. दगड आहे तिथंच ठेवला आणि धुण्यासाठी चार हात पलीकडं दुसरा सपाट दगड टाकला. आता ओढ्यावर नवी सून आली की कुणीतरी तिला सांगतं, "त्या दगडावर नको गं बाई, तिथं गुरं राखणारा झोपलाय."

आणि सतीच्या हाताजवळ यंदा आम्ही बांगड्या वाहिल्या नाहीत. आम्ही सगळ्याजणी, सवाष्णी आणि विधवा, तिथं एकत्र बसलो आणि दगड कसा वाचायचा ते पोरींना शिकवलं. तुमच्या गावात काय सापडतं ते आम्हाला जरूर कळवा.