भूक आणि तिची परिभाषा : अमेरिकेतील एका नामांतराचा विचार

संपन्न राष्ट्रांतील भुकेचा विचार करू लागताच नावाची अडचण उभी राहते. दुष्काळ, ओस पडलेली गावे ही भुकेची परिचित रूपे तेथे दिसत नाहीत. दुकाने अन्नाने भरलेली असतात. तरीही महिनाअखेरीस अनेक घरांत जेवण पुरत नाही. पैशाच्या वा अन्य साधनांच्या अभावी घरातील सर्वांना पुरेसे अन्न मिळण्याची शाश्वती नसणे, या अवस्थेला अमेरिकेत ‘अन्न-असुरक्षितता’ ही संज्ञा रूढ झाली.

तेथील कृषी खात्यासाठी १९९५ पासून या अवस्थेचे नियमित सर्वेक्षण होऊ लागले. तिच्या तीव्र रूपाला प्रारंभी ‘भुकेसह अन्न-असुरक्षितता’ म्हटले जाई. २००६ मध्ये त्याचे नामांतर ‘अत्यल्प अन्नसुरक्षा’ असे झाले. भूक हा व्यक्तीचा शारीरिक अनुभव असून कुटुंबाच्या सर्वेक्षणातून तो मोजता येत नाही, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नव्हता. परंतु पैशाअभावी भुकेले असूनही जेवला नाहीत, असे कधी घडले काय, हा प्रश्न प्रश्नावलीत कायम राहिला. भूक उत्तरांत राहिली; वर्गीकरणातून मात्र ती गेली.

जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीशी ही परिभाषा ताडून पाहण्याजोगी आहे. तीत भाव टिकवण्यासाठी संत्र्यांवर केरोसीन फवारले जाते आणि भुकेली माणसे ते पाहत राहतात. संज्ञा अभावाची मोजदाद करते. कादंबरी त्या अभावामागील व्यवहार दाखवते.

मराठी अनुवादकापुढेही हा पेच आहे. ‘अन्न-असुरक्षितता’ हा प्रतिशब्द अचूक, पण देहविहीन आहे. मुलांना पुरावे म्हणून आईने स्वतः कमी खाणे, हे त्या सर्वेक्षणांतून सूचित होणारे वास्तव ‘पोटाला चिमटा घेणे’ या वाक्प्रचारात सहज सामावते. मात्र त्यातून संख्या कळत नाही. म्हणून दोन्ही भाषा आवश्यक ठरतात.

२०२३ मध्ये अमेरिकेतील १३.५ टक्के कुटुंबे अन्न-असुरक्षित होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कृषी खात्याने हे वार्षिक अहवाल यापुढे बंद करण्याचे जाहीर केले. २००६ मध्ये शब्द गेला, तरी गणना उरली होती. गणनाही थांबल्यावर त्या अवस्थेची साक्ष देण्याचा भार साहित्यावर अधिक पडेल; पण किती घरे अर्धपोटी आहेत, हे साहित्य सांगू शकणार नाही.