कुलूप तुमचं, किल्ली कुणाची?

भिवंडी म्हटलं की पूर्वी माग डोळ्यांपुढे येत. माग आजही खडखडतात. पण मानकोली, दापोडा, काल्हेर, पूर्णा या गावांकडे गेलात, तर भाताच्या खाचरांच्या जागी आता गोदामांच्या रांगा दिसतात. गोदामाच्या दाराला मोठं कुलूप असतं, बाहेर रखवालदार असतो आणि वर कॅमेरा असतो. कुलपाची किल्ली मालक जपून ठेवतो. कॅमेऱ्यालाही किल्ली असते, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसतं.

ही किल्ली म्हणजे पासवर्ड. हल्लीच्या कॅमेऱ्याच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि तो इंटरनेटला जोडलेला असतो. म्हणूनच मालकाला घरबसल्या मोबाईलवर गोदाम दिसतं. पण ज्या वाटेनं मालक आत पाहतो, त्याच वाटेनं परकाही आत शिरू शकतो. कारखान्यातून निघताना एकाच बनावटीच्या हजारो कॅमेऱ्यांना पुष्कळदा एकच सोपा पासवर्ड दिलेला असे. बाजारातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागली, तर कुलूप लावून उपयोग काय?

आता तुम्ही म्हणाल, "आमच्या गोदामात कापडाचे तागे. ते पाहून कुणाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर २०१६ साली मिळालं. अमेरिकेतल्या काही तरुणांनी 'मिराई' नावाचा प्रोग्राम लिहिला. तो इंटरनेटवर दारोदार फिरे आणि कारखान्यातले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाही. लाखो कॅमेरे आणि यंत्रं अशी ताब्यात गेली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेनं 'डाइन' या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला आणि कित्येक मोठ्या सेवा काही तास ठप्प झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला, तर थोड्याच वेळात पुन्हा आत येई.

शिवाय पाहण्यासारखं काही नसतंच, असंही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली स्त्रियांच्या तपासणीची दृश्यं बाहेर विकली जात असल्याचं उघडकीस आलं. पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळांना कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. मुलांच्या रक्षणासाठी लावलेला डोळा परक्याच्या हाती जाता कामा नये.

गाडीचीही तीच गत. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी रस्त्यावर धावणारी जीप दूर घरी बसून इंटरनेटवरून मंदावून दाखवली. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा मोबाईल, कॅमेरा वा गाडीसाठी कंपनी सुधारणा पाठवते, ती टाळू नये.

केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांची सुरक्षा-तपासणी सक्तीची केली आहे. खरेदी करताना दुकानदाराला तसं प्रमाणपत्र विचारावं. पण आधी लागलेल्या कॅमेऱ्यांची काळजी आपणच घ्यायला हवी. पासवर्ड लांब ठेवावा. त्यात गावाचं नाव किंवा मोबाईल नंबर नको. दुरून पाहण्याची गरज नसेल, तर कॅमेरा इंटरनेटला जोडूच नये. वायफायच्या डब्याचाही पासवर्ड बदलावा. पैशांची फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा.

बहुतेक ठिकाणी कॅमेरा बसवणारा कारागीरच पासवर्ड घालतो आणि निघून जातो. त्याला थांबवावं, नवा पासवर्ड आपल्या हातानं घालावा, जुना चालत नाही ना हे त्याच्यासमोर पाहावं आणि मगच त्याची मजुरी चुकती करावी.