पुसलेले परत मिळते का?

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. २२ तारखेच्या रात्री नागपुरात मुसळधार पाऊस सुरू झाला. काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीला पूर आला आणि पहाटेपर्यंत कितीतरी घरांत व दुकानांत पाणी शिरले. भिजलेल्या वह्या उन्हात वाळत घालता येतात. पण ज्याचा सारा हिशेब संगणकात होता, त्या दुकानदाराने काय करावे?

संगणक सुरू करून पाहावा, असे कोणालाही वाटेल. नेमके तेच करू नये. का, ते समजण्यासाठी आपण संगणकाच्या आत डोकावू या.

पुष्कळ संगणकांत माहिती साठवण्यासाठी हार्ड डिस्क नावाची एक डबी असते. तिच्यात आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. तबकडीवरून एक बारीक टोक फिरते आणि चुंबकीय खुणा लिहिते किंवा वाचते. गंमत अशी, की हे टोक तबकडीला टेकत नाही. दोघांमधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. एवढ्याशा फटीत गाळाचा एक कण आला, तरी तबकडीवर ओरखडा उठतो आणि तिथली माहिती कायमची जाते. म्हणून भिजलेली डिस्क सुरू करू नये आणि घरी उघडूही नये. ऐकून नवल वाटेल, पण ती उन्हात वाळवूही नये! पाणी वाळले की गाळ तबकडीला घट्ट चिकटतो. तशीच ओलसर असताना ती पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी. तो ती धूळ नसलेल्या खास खोलीतच उघडतो.

अशा डिस्कमधून खरोखर काही मिळते का? कल्पना चावला यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतत असताना आकाशातच त्याचे तुकडे झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. काही महिन्यांनी अमेरिकेतल्या एका आटलेल्या तलावात यानाचे काही अवशेष सापडले. त्यांत एक हार्ड डिस्क होती. झेनॉन वायूवर यानात केलेल्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. डबी जळाली होती, आत धूळ गेली होती. तंत्रज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या डबीत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचून काढली! डिस्क निम्मीच भरलेली होती. नुकसान झाले ते कोऱ्या भागाचे. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आग आणि पूर रोज येत नाहीत. रोज चुकतो तो आपला हात. समजा, एका पेन ड्राइव्हमध्ये तुमच्या दादाजानची छायाचित्रे आणि त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी आहेत. दादाजान आता हयात नाहीत. धाकट्या भावाने नको ते बटण दाबले आणि पेन ड्राइव्ह फॉर्मॅट झाला. सगळे गेले का?

वर्गाचा हजेरीपट आठवा. सरांनी नवा कोरा हजेरीपट आणला, म्हणून बाकांवरची मुले नाहीशी होत नाहीत. झटपट केलेल्या फॉर्मॅटचे असेच आहे. नावांची यादी कोरी होते, फाइली मात्र जागच्या जागी असतात. पण यादीत नाव नसल्यामुळे संगणक ते बाक रिकामे समजतो आणि नव्या फाइलीला तीच जागा देऊन टाकतो. एकदा त्या जागेवर नवे लिहिले गेले, की जुने परत मिळत नाही. म्हणून असा पेन ड्राइव्ह लगेच काढून ठेवावा. त्यात एक गाणेसुद्धा भरू नये. (नव्या संगणकांतल्या एसएसडीचे मात्र वेगळे आहे. तिथे पुसलेली जागा डिस्क स्वतःच थोड्या वेळात साफ करते, त्यामुळे आशा कमी.)

फोटोरेक नावाची एक मोफत संगणकप्रणाली आहे. ती यादीकडे पाहतच नाही. ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत जाते. जेपीईजी प्रकारच्या प्रत्येक छायाचित्राच्या आरंभी तीच ठरावीक चिन्हे असतात. ती दिसली, की इथे छायाचित्र सुरू झाले हे तिला कळते. आवाजाच्या फाइलीही ती अशाच खुणांवरून ओळखते. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर साठवायच्या असतात. त्याच पेन ड्राइव्हवर साठवल्या, तर राहिलेल्या फाइली आपणच पुसून टाकू.

काही छायाचित्रे अर्धीच उमटतात. शिवाय जुनी नावे परत येत नाहीत. प्रत्येक फाइलीवर नुसता आकडा असतो. मग दादीजानजवळ बसून एकेक फाइल उघडावी लागते. कोणते छायाचित्र ईदचे, कोणते कामठीच्या निकाहातले आणि कोणत्या गोष्टीच्या मध्येच दादाजानना खोकला आला होता, हे त्याच सांगू शकतात.