कर्णधार आणि खरेदीदाराची मक्तेदारी : टेड लिंडसे यांच्या कारकिर्दीचे अर्थकारण

आइस हॉकी हा बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, पायांत स्केट घालून खेळला जाणारा खेळ होय. प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि चेंडूऐवजी 'पक' नावाची रबराची घट्ट चकती वापरली जाते. भारतात लडाखमधील हिवाळी स्पर्धांमुळे हा खेळ थोडाफार परिचित आहे; कॅनडात मात्र तो राष्ट्रीय जीवनाचाच भाग आहे. या खेळात कर्णधाराच्या गणवेशावर छातीशी 'सी' हे अक्षर शिवलेले असते. ते केवळ मानाचे चिन्ह नव्हे. नियमांच्या अर्थाविषयी पंचांशी बोलण्याचा अधिकार कर्णधार आणि त्याचे नियुक्त सहायक यांनाच असतो. इतर खेळाडूंनी वाद घातल्यास शिक्षा होऊ शकते.

मैदानावर पंचांशी बोलण्याचा अधिकार असलेल्या कर्णधाराला मैदानाबाहेर संघमालकाशी वेतनाविषयी बोलण्याचा अधिकार कितपत होता, हा प्रश्न श्रमबाजाराच्या अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाचे १९५२ ते १९५६ या काळातील कर्णधार टेड लिंडसे यांच्या कारकिर्दीतून त्याचे उत्तर मिळते. व्यावसायिक खेळाडूचे उत्पन्न त्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. लिंडसे यांचा अनुभव असे दाखवतो की, ते त्याहूनही अधिक प्रमाणात, त्या कौशल्याला ग्राहक किती आणि एका ग्राहकाला सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा आहे की नाही, यावर अवलंबून असते.

पित्याचा काळ, पुत्राचा काळ

लिंडसे यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील रेनफ्रू या गावी झाला आणि बालपण किर्कलँड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावात गेले. त्यांचे वडील बर्ट लिंडसे हेही व्यावसायिक गोलरक्षक होते. १९०९-१० च्या हंगामात ते रेनफ्रूच्या ज्या संघातून खेळले, त्या संघाला लोकांनी 'मिलियनेअर्स' म्हणजे लक्षाधीश असे नाव दिले होते. या नावामागे अर्थकारणच होते. त्या हंगामाच्या सुरुवातीस दोन प्रतिस्पर्धी लीग एकाच वेळी उभ्या राहिल्या आणि चांगल्या खेळाडूंसाठी त्यांच्यात चढाओढ लागली. खाणमालक ओब्रायन कुटुंबाच्या पाठबळावर रेनफ्रूने 'सायक्लोन' टेलर या खेळाडूला सुमारे दोन महिन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलर दिले.

यातील एक लीग जानेवारी १९१० मध्येच बंद पडली. उरलेल्या लीगने पुढच्याच हंगामात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे आदल्या वर्षी एकट्या टेलर यांना जेवढे मिळाले, त्याहून कमी रकमेत आता संपूर्ण संघ उभा करायचा होता. खेळाडूंनी निषेध केला, स्वतःची वेगळी लीग काढण्याची भाषाही केली. परंतु मैदाने मालकांच्या ताब्यात असल्यामुळे ते साधले नाही. वर्षभरात खेळाडूंचे कौशल्य घटले नव्हते. घटली ती खरेदीदारांची संख्या.

१९१७ साली नॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली. १९२६ मध्ये पश्चिम कॅनडातील प्रतिस्पर्धी लीग बंद पडली आणि त्यानंतर उच्च दर्जाच्या खेळाडूला नॅशनल हॉकी लीग हा एकच ग्राहक उरला. १९४२ ते १९६७ या काळात या लीगमध्ये माँट्रिअल, टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन आणि न्यू यॉर्क असे अवघे सहा संघ होते.

अर्थशास्त्रात अशा स्थितीला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात ही संकल्पना रूढ केली. विक्रेता एकच असेल तर तो वस्तूची किंमत वाढवू शकतो. त्याचप्रमाणे श्रमाचा खरेदीदार एकच असेल तर तो श्रमिकाच्या सीमांत उत्पन्नापेक्षा, म्हणजे त्या श्रमिकामुळे मालकाच्या महसुलात जी भर पडते तिच्यापेक्षा, कमी वेतन देऊ शकतो. सहा संघ म्हणजे सहा खरेदीदार, असे वरवर वाटेल. पण करारातील 'राखीव हक्काच्या' कलमाने ही स्पर्धाही संपवली होती. कराराची मुदत संपल्यानंतरही खेळाडूवरील हक्क त्याच संघाकडे राहत असे. संघ त्याला विकू शके, त्याची अदलाबदल करू शके. खेळाडूला मात्र स्वतःहून दुसरा संघ निवडता येत नसे. शिवाय किशोरवयातच मुलांकडून संघाशी बांधून घेणारे करार लिहून घेतले जात.

यशाचे शिखर

या चौकटीत लिंडसे १९४४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डेट्रॉइट संघात दाखल झाले. शरीराने ते लहानखुरे होते. पण त्यांचा खेळ आक्रमक, किंबहुना अनेकदा दांडगाईचा होता. कारकिर्दीत त्यांना एकूण १,८०८ मिनिटांची शिक्षा झाली, यावरून त्याची कल्पना यावी. सिड एबल आणि गॉर्डी हाउ यांच्यासमवेत त्यांची आक्रमक फळी जमली. मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटने या फळीला 'प्रॉडक्शन लाइन' असे समर्पक नाव दिले. १९४९-५० च्या हंगामात ७८ गुणांसह लिंडसे लीगमध्ये अव्वल ठरले. डेट्रॉइटने १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ असा चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. यांपैकी शेवटचे दोन लिंडसे यांच्या नेतृत्वाखाली.

हिशेबाची मागणी

खेळाडूंसाठी १९४७ साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला होता. प्रत्येक खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरत असे. बहुतेकांचे वेतन काही हजार डॉलरच्या घरात असताना ही रक्कम लहान नव्हती. निधीच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून लिंडसे काम पाहत होते. मालकांकडून या निधीत नेमके किती पैसे येतात आणि ते कोठे गुंतवले जातात, याचा तपशील त्यांनी मागितला. तो मिळाला नाही. दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले होते. कॅनडात १९५२ पासून आणि अमेरिकेत १९५७ च्या सुरुवातीपासून या माध्यमाचे उत्पन्न लीगकडे येऊ लागले; खेळाडूंना त्यात वाटा नव्हता.

लिंडसे यांनी बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेसाठी काम केलेल्या वकिलांचा सल्ला घेतला. सर्व संघांतील खेळाडूंशी गुप्तपणे संपर्क साधून प्रत्येकी १०० डॉलर वर्गणी गोळा करण्यात आली. मैदानावर ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर होते, अशा प्रतिस्पर्ध्यांनीही वर्गणी दिली. माँट्रिअलचे डग हार्वी त्यांचे प्रमुख सहकारी झाले. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी संघटनेची जाहीर घोषणा झाली. लिंडसे अध्यक्ष होते आणि लीगमधील जवळजवळ प्रत्येक खेळाडू सभासद झाला होता.

मालकांची प्रतिक्रिया तीव्र होती. १९५६-५७ हा लिंडसे यांच्या कारकिर्दीतील गुणांच्या दृष्टीने सर्वोत्तम हंगाम होता : ३० गोल, ५५ साहाय्य, एकूण ८५ गुण. संघसहकारी गॉर्डी हाउ सोडले तर लीगमध्ये त्यांच्या पुढे कोणीही नव्हते आणि डेट्रॉइट साखळीत पहिल्या स्थानी होते. तरीही जुलै १९५७ मध्ये डेट्रॉइटचे महाव्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांनी त्यांना तळाच्या शिकागो संघाकडे पाठवून दिले. त्यांच्यासोबत गुणी गोलरक्षक ग्लेन हॉल यांचीही रवानगी झाली. संघटनेतील टोरांटोचे प्रतिनिधी जिमी थॉम्सन यांच्याही वाट्याला शिकागोच आले. डेट्रॉइटची मालकी ब्रूस नॉरिस यांच्याकडे होती, तर शिकागोच्या मालकीत त्यांचे सावत्र बंधू जेम्स नॉरिस यांचा वाटा होता, हे लक्षात घेता खरेदीदारांमधील 'स्पर्धेचे' स्वरूप स्पष्ट होते.

केवळ संघाच्या कामगिरीचा विचार केला तर हा व्यवहार आतबट्ट्याचा होता. दोनच वर्षांत, १९५८-५९ मध्ये, डेट्रॉइट शेवटच्या स्थानावर घसरले. मग मालकांनी तो का केला? एका खेळाडूला शिक्षा करून इतरांच्या मनात धाक बसवता आला, तर सगळ्यांचेच वेतन खाली ठेवता येते. डेट्रॉइटने पत्करलेले नुकसान हे मक्तेदारीच्या रक्षणासाठी भरलेल्या विम्याच्या हप्त्यासारखे होते. आणि तो हप्ता भरण्याइतका नफा त्या मक्तेदारीत होता, असाच त्याचा अर्थ होतो.

न्यायालय आणि तडजोड

अमेरिकेत बेसबॉलला १९२२ च्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन फुटबॉलविषयीच्या रॅडोविच खटल्यात ही सूट इतर खेळांना लागू नसल्याचे स्पष्ट केले. हॉकीपटूंना त्यामुळे मार्ग मोकळा झाला. संघटनेने ऑक्टोबर १९५७ मध्ये ३० लाख डॉलरचा दावा दाखल केला. पण नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी संघटनेतून माघार घेतली; त्यांत हाउ यांचाही समावेश होता. ज्या संघाचे नेतृत्व लिंडसे यांनी केले, तोच प्रथम फुटला.

फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. किमान वेतन ७,००० डॉलर ठरले, निवृत्तिवेतन निधीतील मालकांचा वाटा वाढला. मात्र संघटनेला मान्यता मिळाली नाही आणि ती विसर्जित झाली. स्पर्धात्मक बाजारात किमान वेतन समतोल पातळीच्या वर ठरवल्यास रोजगार घटण्याची शक्यता असते, असे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. खरेदीदाराची मक्तेदारी असेल तर हे खरे ठरेलच असे नाही. वेतन सीमांत उत्पन्नाच्या खाली दाबलेले असल्यामुळे ते काही मर्यादेपर्यंत वाढवूनही रोजगार कमी होत नाही. परीक्षार्थींनी हा भेद नीट ध्यानात ठेवावा. किमान वेतनावरील चर्चेत तो सर्रास विसरला जातो.

लिंडसे तीन हंगाम शिकागोत खेळून १९६० मध्ये निवृत्त झाले. १९६४-६५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते एका हंगामासाठी डेट्रॉइटमध्ये परतले आणि संघ साखळीत पुन्हा पहिला आला. १,०६८ सामने, ३७९ गोल आणि ८५१ गुण ही त्यांच्या कारकिर्दीची बेरीज. १९६६ साली 'हॉकी हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा समारंभास केवळ पुरुषांनाच प्रवेश होता. पत्नी व मुलांना येता येणार नसेल तर आपणही येणार नाही, अशी भूमिका घेऊन ते गैरहजर राहिले.

दुसरा ग्राहक

१९६७ मध्ये लीगचा विस्तार सहावरून बारा संघांपर्यंत झाला आणि त्याच वर्षी खेळाडूंची संघटना नव्याने स्थापन होऊन टिकली. माहितीच्या विषमतेचा प्रश्न तरीही शिल्लक होता. वेतन गुप्त ठेवण्याची प्रथा इतकी पक्की होती की, आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या हाउ यांना, संघसहकारी बॉब बॉन यांना आपल्यापेक्षा अधिक वेतन मिळते, हे १९६८ साली खुद्द बॉन यांच्याकडूनच कळले.

खरी उलथापालथ १९७२ मध्ये झाली. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि बॉबी हल यांना विनिपेग संघाने दहा वर्षांसाठी २७ लाख ५० हजार डॉलरचा करार दिला. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील संघराज्य न्यायालयाने राखीव हक्काच्या कलमाच्या अंमलबजावणीस मनाई केली. रेनफ्रूच्या 'लक्षाधीशां'नंतर सहा दशकांनी खेळाडूला पुन्हा दुसरा ग्राहक मिळाला होता. १९७९ मध्ये नव्या लीगचे चार संघ जुन्या लीगमध्ये सामील झाले आणि ती चढाओढ संपली.

भारतीय वाचकाला याचे जवळचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडेल. २००७ साली इंडियन क्रिकेट लीग ही खासगी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात सहभागी झालेल्यांवर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने बंदी घातली. २००८ मध्ये मंडळाची स्वतःची इंडियन प्रीमियर लीग आली आणि खेळाडूंच्या किमती लिलावाने ठरू लागल्या. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये मंडळाची मान्यता असलेली खेळाडूंची संघटना अस्तित्वात आली खरी, परंतु ती निवृत्त खेळाडूंची आहे.

निधीचा निकाल

लिंडसे यांनी मागितलेल्या हिशेबाचे काय झाले? निवृत्तिवेतन निधीत साठलेली शिल्लक लीगने स्वतःच्या देण्यांपोटी वापरल्याचा आरोप करून कार्ल ब्रूअर यांच्यासह सात माजी खेळाडू ओंटारिओच्या न्यायालयात गेले. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. या सातजणांत गॉर्डी हाउ होते. संघटना असली म्हणजे खेळाडूंचे हित आपोआप सुरक्षित राहते, असेही नाही. १९६७ च्या संघटनेचे दीर्घकाळ प्रमुख असलेले अ‍ॅलन ईगलसन यांनी १९९८ मध्ये फसवणुकीचे आरोप मान्य केले व त्यांना कारावास झाला.

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालकांच्या टाळेबंदीमुळे रद्द झाला आणि त्यानंतर संघाच्या एकूण वेतनावर ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा आली. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. १९१० च्या मर्यादेशी तिचे नाते उघड आहे. मात्र तेव्हाची मर्यादा मालकांनी एकतर्फी लादली होती, तर आताची सामूहिक वाटाघाटींतून ठरते, खेळाडूंना महसुलातील निश्चित हिश्श्याची हमी देते आणि म्हणूनच मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून खेळाडूंनीच मतदानाने निवडलेल्या सहकाऱ्यास दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला २०१० मध्ये टेड लिंडसे यांचे नाव देण्यात आले. तोवर तो कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या नावाने दिला जात असे. लिंडसे यांचे ४ मार्च २०१९ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी निधन झाले.