तारांचे रंग आणि देशोदेशींचे संकेत

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या इंग्लंडांतून सुटीवर आला, तेव्हां त्यानें एक सुंदर पितळी टेबल-दिवा आणला. दिवा सर्वांस आवडला. पण त्याच्या प्लगच्या चपट्या पिना आपल्या भिंतींतील गोल भोंकांत कांहीं केल्या जाईनात. तेव्हां आम्हीं नेहमींच्या वायरमनास बोलावून तो प्लग काढविला व आपल्याकडील प्लग बसवून घेतला. दिवा लागला, मंडळींनीं कौतुक केलें, आणि प्रकरण संपलें असें आम्हांस वाटलें.

चार दिवसांनीं बल्ब बदलण्याचा प्रसंग आला. दिव्याचें स्वतःचें बटन बंद होतें. भिंतीवरचें मात्र चालूच राहिलें होतें. बल्ब काढून सवयीप्रमाणें आम्हीं होल्डरला टेस्टर लावला, तों टेस्टर लकाकला! थोड्या वेळापूर्वीं आमची लहानगी नात हें काम आपण करूं म्हणून हट्ट धरून बसली होती, हें आठवून अंगावर कांटा आला.

वायरमनास बोलावून विचारलें, तेव्हां त्यानें सरळ उत्तर दिलें, "साहेब, भिंतींतली लाल, काळी, हिरवी आम्ही ओळखतों. ह्या दिव्याला निघाली तपकिरी आणि निळी. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी ह्या तीन फेजा. म्हणून निळी फेजला लावली." त्याचा सारा जन्म घरांच्या व कारखान्यांच्या जोडण्या करण्यांत गेलेला. त्याच्या दृष्टीनें पाहतां त्याचें चुकलें तरी काय? या विषयाचें मर्म येथेंच आहे.

घरांत वीज फेजच्या तारेनें येते आणि न्यूट्रलच्या तारेनें परत जाते. तिसरी अर्थिंगची तार एरवीं रिकामीच असते; उपकरणाच्या धातूच्या अंगांत चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीची वाट दाखविणें एवढेंच तिचें काम. बटन नेहमीं फेजवर असावें, म्हणजे तें बंद करतांच वीज अलीकडेच अडते. फेज व न्यूट्रल उलट जोडल्या तरी दिवा लागतोच. परंतु बटन बंद केल्यावरहि वीज होल्डरापर्यंत येऊन उभी राहते. चूक डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच ती घातक.

आतां कोणती तार कोणती, हें ओळखावयाचें कशावरून? आंतील तांबें सर्वत्र सारखेंच. रंग काय तो वरच्या वेष्टनाचा. विजेशीं त्याचा कांहींहि संबंध नाहीं. तो केवळ एक संकेत आहे, आणि संकेत हा ज्यांनीं ठरविला त्यांच्यापुरताच खरा. मराठी माणसानें 'शिक्षा' म्हटलें कीं हिंदी भाषिकास शाळा आठवावी, तसाच हा प्रकार! भाषेंतील अशा घोटाळ्यानें फार तर हंसूं होतें. तारांच्या घोटाळ्यानें प्राणाशीं गांठ पडते.

आपल्याकडील घरगुती जोडणींत लाल ती फेज, काळी ती न्यूट्रल व हिरवी ती अर्थिंग, ही वहिवाट इंग्रजी अमदानींत आली आणि आजहि चालू आहे. अमेरिकेंत न्यूट्रल पांढरी असते व काळी बहुधा फेज. चीनमध्यें तीन फेजांचे रंग पिवळा, हिरवा व लाल. म्हणजे आपली निरुपद्रवी हिरवी तेथें विजेनें भरलेली असावयाची.

युरोपांत तर या भेदानें मोठेंच संकट उभें केलें होतें. पश्चिम जर्मनींत १९६५ सालापर्यंत अर्थिंगच्या तारेस लाल रंग असे, आणि त्याच काळीं इंग्लंडांत लाल म्हणजे फेज! तेव्हां इंग्लंडांत उपकरणाबरोबर प्लग येत नसे. ज्याचा त्यानें तो घरीं बसवावयाचा. जर्मन इस्त्रीची लाल तार एखाद्या इंग्रज गृहस्थानें आपल्या समजुतीप्रमाणें फेजला जोडली, तर इस्त्रीचें सारें धातूचें अंगच विजेनें भारलें जावयाचें. म्हणून युरोपांतील राष्ट्रांनीं मिळून नवे रंग ठरविले. फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची. इंग्लंडनें १९६९ सालच्या नियमांनीं उपकरणांच्या तारांस हे रंग लागू केले.

या निवडींत रंगांधांचाहि विचार होता. युरोपीय वंशाच्या सुमारें बारा पुरुषांत एकास लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाहीं. त्याच्या हातीं लाल-हिरव्याची जोडी देणें धोक्याचें. दुरंगी पट्टा मात्र तोहि ओळखूं शकतो.

भिंतींतील तारांस हे रंग इंग्लंडांत २००४ सालीं आले व १ एप्रिल २००६ पासून सक्तीचे झाले. तेथें पूर्वीं काळी न्यूट्रल होती, ती नव्या पद्धतींत एक फेज झाली. निळी फेज होती, ती न्यूट्रल झाली. म्हणून जेथें जुने व नवे रंग एकत्र येतात, तेथें इशाऱ्याची पाटी लावण्याचा नियम करावा लागला.

आपल्या घरांतहि आज हाच संगम आहे. भिंतींत जुने रंग आणि नव्या उपकरणांच्या दोऱ्यांना नवे. तेव्हां आमच्या वाचकांनीं एवढें करावें. प्लग बदलतांना एल, एन, ई या खुणा पाहून तारा जोडून घ्याव्या; एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थिंग. परदेशी वस्तु असल्यास तिजबरोबरचा कागद वायरमनास आधीं दाखवावा. आणि बल्ब बदलण्यापूर्वीं भिंतीवरचें बटन बंद करून प्लगच उपसून ठेवावा.

आमच्या वायरमनानें पांच मिनिटांत दोन्ही तारांची अदलाबदल केली. मग खिशांतील पेन्सिल काढून मीटरच्या पेटीच्या दारावर आंतून लिहिलें : तपकिरी म्हणजे लाल, निळी म्हणजे काळी, पट्ट्याची म्हणजे हिरवी. तें लिहिलेलें आम्हीं अजून पुसूं दिलेलें नाहीं.