दोन जीबीची लॅब

सकाळी ९. जिल्हा परिषदेच्या शाळेतली लॅब उघडली. मशीन जुनी आहेत: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. म्हणून इथे डेबियन लिनक्स आहे, हलक्या एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसह.

९:३०. "सर, ब्राउझर उघडला की माउससुद्धा हलत नाही. प्रोसेसर गेला का?" बाई विचारतात. मोजल्याशिवाय मी उत्तर देत नाही. टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे दाखवणारा आदेश, चालू करतो. त्याची पहिली ओळ सोडून द्यायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत स्वॅपचे दोन्ही रकाने चढत जातात, आणि प्रोसेसर मात्र बहुतेक वेळ डिस्कची वाट बघत थांबलेला. म्हणजे रॅम भरली आहे आणि डेटा सारखा डिस्कवर ये-जा करतो आहे. रॅमचं उत्तर नॅनोसेकंदांत येतं, फिरत्या डिस्कचं मिलिसेकंदांत. हँग होणार नाही तर काय!

११. झेडरॅम बसवतो. २०१४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेली ही सोय डेटा डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून ठेवते. त्यासाठी प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण इथे तो रिकामाच होता. स्वॅपिनेस, म्हणजे सिस्टिमने किती उत्साहाने स्वॅप करायचं तो आकडा, १० करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो फिरत्या डिस्कसाठी ठीक आहे. झेडरॅम असेल तर हा आकडा मुळातल्या ६० च्या वर न्यायचा. मी १०० ठेवतो. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा मोजणी. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही.

१२:३०. ब्लूटूथची आणि नको तिथली छपाईची सेवा बंद. फायदा किरकोळ.

२. कोपऱ्यातलं मशीन अजून संथच. तापमान बघतो, बरंच चढलेलं आहे. पंख्यात धूळ, थर्मल पेस्ट वाळलेली. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तिथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही. ब्रश आणि नवी पेस्ट.

३. खरी परीक्षा मुलांची. जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर सुरळीत चालतं, मराठी टायपिंगही. व्हिडिओ ४८०पी वर ठेवायचा आणि त्या वेळी बाकीचे टॅब बंद, हे बाईंना दाखवून देतो.

५. वहीत प्रत्येक बदल, आधीचा आकडा आणि नंतरचा.

तुमच्या ऑफिसातलं संथ मशीन भंगारात देण्याआधी त्याची रॅम किती, डिस्क कोणती आणि पंखा फिरतो का, एवढं तपासा. चालण्यासारखं असेल तर जवळच्या शाळेला विचारा.